मदत हवी आहे: ‘गोफास्ट’ फितीतल्या वस्तूची उंची आणि वेग मुलांकडून कसा काढून घ्यावा?

सोनेगावकर: कॉलेजच्या विज्ञान मंडळात बारावीच्या मुलांना अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी 2015 मध्ये टिपलेली ‘गोफास्ट’ फीत दाखवायची आहे. पाण्यालगत काहीतरी सुसाट जातंय असं वाटतं. नासाच्या अज्ञात उडत्या वस्तूंवरच्या 2023 च्या अहवालात मात्र उंची 13,000 फूट आणि सरासरी वेग ताशी 40 मैल! पडद्यावर विमान 25,000 फुटांवर, अंतर 4.4, कॅमेरा 26 अंश खाली. यावरून माझी उंची 18,670 फूट येते. कुठं चुकतंय जी?

धंतोलीची दुर्बीण: तुम्ही 4.4 किलोमीटर धरलेत, भाऊ. ते सागरी मैल आहेत, एक म्हणजे 6,076 फूट. अंतर झालं 26,700 फूट, आणि तेही तिरकं, नजरेच्या रेघेवरचं. त्याला साइन 26, म्हणजे 0.438 ने गुणा: 11,700. ते 25,000 मधून वजा करा, 13,300 उरतात.

मग तीच रेघ फळ्यावर थेट पाण्यापर्यंत ओढायला लावा. 25,000 भागिले 0.438 म्हणजे 57,000 फूट, साधारण 9.4 सागरी मैल. वस्तू 4.4 वर आहे, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या वाटेवरही नाही. सुसाट पळतं ते मागचं पाणी, कारण विमान पळतंय. हा त्रिकोण घाई न करता शिकवा, सगळा जीव इथंच आहे.

सोनेगावकर: बरोबर, आली 13,300. आता वेग? पडद्यावर माक 0.61 (आवाजाच्या वेगाच्या 0.61 पट) आहे, तो वस्तूचा का?

धंतोलीची दुर्बीण: नाही, विमानाचा. त्या उंचीवर तो सेकंदाला 190 मीटरच्या आसपास भरतो. आलेख कागदावर 1 सेंमी = 500 मीटर घ्या. नासानं हिशेबात धरलेल्या 22 सेकंदांत विमान 8.4 सेंमी सरकतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या चौकटीतून अंतर, खालचा कोन आणि डावीकडचा कोन घ्या. तिरक्या अंतराला कोसाइननं गुणून आडवं अंतर काढा (पहिलं 7.3 किमी येतं), वस्तूचे दोन्ही ठिपके मांडा. ठिपक्यांमध्ये जेमतेम पाऊण सेंटिमीटर यायला हवं: नासाच्या हिशेबात ते 390 मीटर आहे.

इथं दोन गोष्टी हमखास चुकतात. डावीकडचा कोन विमानाच्या नाकापासून मोजलेला असतो आणि विमान हळूहळू डावीकडे वळतंय. ते वळण धरलं नाही तर वेग भलताच येतो. दुसरं, पहिल्या ठिपक्याशी एका अंशाची चूक म्हणजे सव्वाशे मीटर, वेगात ताशी 13 मैलांचा फरक. म्हणून मुलांकडून एक आकडा नको, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहून घ्या.

पतंगवाला_महाल: गणिताआधी हे करा. संक्रांतीच्या दिवसांत वर्धा रोडवरच्या मेट्रोतून एखाद्या स्थिर पतंगावर मोबाइलचा कॅमेरा धरून ठेवायला सांगा. चौकटीत पतंग मधोमध राहतो आणि मागची घरं झरझर मेट्रोच्याच दिशेनं सरकतात. फीत पाहिल्यावर पतंगच उडत गेल्यासारखा वाटतो.

सोनेगावकर: हे भारी! याच पद्धतीनं नौदलाची दुसरी, ‘गिंबल’ फीत सोडवता येईल का?

धंतोलीची दुर्बीण: नाही. तीही 2015 ची, पण पडद्यावर वस्तूचं अंतरच नाही, म्हणून त्रिकोण बंद होत नाही. अंतर गृहीत धराल तसा वेग बदलतो: दूर धरलं की वेगवान, जवळ धरलं की मंद. मुलांनी विचारलं तर 5, 10 आणि 30 सागरी मैल घेऊन तीन आकडे काढायला लावा.