सेवउसळच्या दुकानात जपानी आर्केड कॅबिनेट: टेबलाचं घ्यावं की उभं?

तरी_एक्स्ट्रा (वडोदरा)
नमस्कार मंडळी. फतेगंजात आमचं सेवउसळचं दुकान आहे, गाळा दहा बाय चौदा. सकाळी पाय ठेवायला जागा नसते, दुपारी तीन ते सहा माशा मारतो. कॉलेजची पोरं तेवढ्यात ओढून आणता येतील का, असं डोक्यात आहे. मुंबईला एक जण जपानहून आलेली जुनी आर्केड कॅबिनेटं (नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं) विकतोय. एक काचेच्या टेबलाचं, दुसरं एसएनके या जपानी गेम कंपनीचं छोटं उभं, पडदा 19 इंची. माझं मन टेबलावर, कारण त्यावर प्लेटही ठेवता येईल. बायको म्हणते, भंगार आणू नका. घ्यायच्या आधी काय बघू?

सोल्डरकाका
वहिनींचं निम्मं ऐका, म्हणजे टेबल आणू नका.

कल्पना तशी जुनीच आहे. 1978 साली टायटो या जपानी कंपनीचं स्पेस इन्व्हेडर्स हे गेम आलं, तेव्हा जपानी कॉफीच्या दुकानांत हीच टेबलं लागली. गिऱ्हाईक कॉफी पिता पिता नाणी घालायचं आणि मालकाची बसायची जागाही जायची नाही. पण ती कॉफी होती, तुमच्याकडे तरी आहे. टेबलात पडदा वर तोंड करून झोपलेला असतो. काचेच्या कडेनं तेल झिरपलं की खाली थेट पिक्चर ट्यूब, तिथं हजारो व्होल्ट. शिवाय तिथं बसलेलं पोरगं दुसऱ्याला जागा देईल, ही आशा सोडा.

19 इंचीच घ्या. सेगाची 1993 ची अ‍ॅस्ट्रो सिटी (हेही उभंच कॅबिनेट) देखणी, मला फार आवडते, पण तिचा पडदा 29 इंची. ती आत आली तर उसळ रस्त्यावर विकावी लागेल.

आता मागचं दार उघडायला लावा. त्यात गेम चालवणारी एसएनकेची एमव्हीएस सिस्टिम 1990 ची, आणि तिच्या मदरबोर्डावर एक छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. ती फुटून आजूबाजूच्या ट्रॅकवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली दिसली तर भाव निम्मा करा, नाहीतर चालू लागा. पडदा किमान अर्धा तास चालवून बघा. गरम झाल्यावर चित्र आक्रसतं का, रंग उडतो का ते तेव्हाच कळतं.

वीज जपानची 100 व्होल्ट, आपली 230. सरळ प्लग खुपसलात तर पॉवर सप्लाय तिथंच जळेल. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा बनवून घ्या, म्हणजे यंत्र मेनच्या विजेला थेट जोडलेलं राहत नाही. जपानी प्लग दोन पिनांचा असतो, म्हणून अर्थिंगची वायर लोखंडी बॉडीला वेगळी ओढा. तुमच्याकडे ओल्या हातांनीच खेळणार सगळे.

आणि फतेगंज म्हणताय, तर ऑगस्ट 2024 मधला विश्वामित्री नदीचा पूर आठवा. अँगलचा दीड-दोन फूट उंच स्टँड करून त्यावर ठेवा. पडदा वर गेला तर उंच स्टूल द्या, पण ट्रान्सफॉर्मर जमिनीवर ठेवू नका.

मांडवीची_मृणाल
काकांशी सहमत, एक भर घालते. आमच्या आइस्क्रीमच्या दुकानात एक यंत्र आहे (जपानी नाही, इथंच बनवलेलं). समोर ट्यूबलाइट असेल तर पडद्यावर फक्त ट्यूबलाइट दिसते, म्हणून यंत्राची पाठ भिंतीला आणि उजेड बाजूनं ठेवा. आवाज पहिल्याच दिवशी कमी करा, वरच्या मजल्यावरच्या आजींनी सांगायच्या आत. आणि दादा, मे 2024 मध्ये राजकोटच्या गेमझोनला आग लागली, तेव्हापासून गेम म्हटलं की परवानगी आणि फायर सेफ्टीचं विचारतात. एकच यंत्र असलं तरी महापालिकेत आधी चौकशी करा.

तरी_एक्स्ट्रा
आभारी आहे दोघांचा. टेबल कॅन्सल, घरात शांतता आहे. एक राहिलं: यात 100 येनचं नाणं पडतं म्हणे. आपलं पाच रुपयांचं चालेल का?

सोल्डरकाका
नाही. 100 येनचं नाणं 22.6 मिलिमीटर, आपलं पाचाचं 23 किंवा त्याहून मोठं. खाचेत घुसवलं तरी अडकेल, मग पोरं यंत्र हलवून बघणार. टोकन चालतं, पण ती खिशातून घरी जातात. सोपं सांगतो: नाणं आत पडून जे दाबतं तो साधा स्विच आहे. त्याच दोन वायरी वाढवून गल्ल्याखाली एक पुश बटण बसवा. यूपीआयचा आवाज आला की दाबा, एक क्रेडिट चढलं. बटण मात्र वहिनींच्या बाजूला लावा. तुम्ही पोरांना फुकट खेळवणार, हे लिहिण्यावरूनच दिसतंय.