डोळ्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरतं, कोणती तपासणी करावी?

प्रश्न: डोळ्याच्या पांढऱ्या भागात महिन्यात दुसऱ्यांदा लाल डाग. मार नाही, दुखत नाही. थेंब पुरतील का?

उत्तर १: थेंबांनी डाग लवकर जात नाही, दोनेक आठवड्यांत आपोआप जिरतो. बीपी मोजा. पण पुन्हा आला, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासण्या) कराच. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दीड लाखाखाली म्हणजे कमी. हिरड्यांतून रक्त किंवा पायावर टाचणीएवढे ठिपके असतील तर आजच दवाखाना गाठा. तोवर अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन स्वतःहून घेऊ नका.

उत्तर २: भाऊ, प्लेटलेटचे गठ्ठे झाले की मशीन आकडा खोटाच कमी दाखवते. स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली, पाहायला सांगा.

उत्तर ३: आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) विसरू नका. त्यात रक्त आत, पडद्याजवळ उतरतं; बाहेरून डोळा पांढराच, नजरेसमोर मात्र काळी जाळी. बाहुली मोठी करूनच ते दिसतं.