जुनं पोस्टर डेकूपाज करून (म्हणजे कागद चिकटवून वर वॉर्निश मारून) लाकडी फळीवर लावायचंय, बुडबुडे कसे टाळू?

फळी तयार आहे, पोस्टर घडीवर थोडं फाटलंय. मागे एकदा फेविकॉल लावून चिकटवलं तर सगळीकडे फुगे आले आणि सुरकुत्या, वैताग आला नुसता. विंटेज लूक हवाय, म्हणजे कडा झिजलेल्या, थोडं पिवळट वगैरे. कसं करू?

— कात्रीवाली:
आधी एक सांग, पोस्टर ओरिजिनल आहे का? असेल तर प्लीज नको चिकटवूस, एकदा गोंद लागला की परत निघत नाही. स्कॅन करून प्रिंट काढ आणि ती वापर, पण लेझर प्रिंटच घे, इंकजेटची शाई ओली झाली की पसरते.

— जुनाट_आवडतं:
+१. फुगे येतात कारण कागद ओला झाला की फुगतो, म्हणून मी आधी मागून ओल्या स्पंजने हलकं पुसून दोन-चार मिनिटं थांबते, मग फळीवर गोंदाचा पातळ थर, आणि मधून बाहेरच्या बाजूला रोलर फिरवायचा. घाई केलीस की संपलं. वाळल्यावर २२० नंबरच्या सँडपेपरने कडा घास, तपकिरी अॅक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करून कडांना लाव आणि लगेच फडक्याने टिप, पण त्याआधी वॉर्निशचा एक हात मार नाहीतर कागद रंग पिऊन टाकतो, माझं एक असंच डागाळलं.

— कात्रीवाली:
हो, आणि फळी पातळ असेल तर मागूनही सील कर, नाहीतर वाकते.

— प्रश्नकर्ती:
अरे बापरे, ओरिजिनलच चिकटवणार होते! आधी स्कॅन करते.