मदत हवी आहे : अडुळशातून व्हॅसिसिन काढताना थर वेगळे होत नाहीत

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला अडुळसा घेतलाय. आजी खोकल्यावर याच पानांचा काढा द्यायची, आणि कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिनही यातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरूनच (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी द्रव्य) पुढे आलं, म्हणून विषय मनापासून निवडला.

पानं गंगापूर रोडकडच्या एका मळ्याच्या कुंपणाची, सावलीत वाळवलेली. मेथॅनॉलमध्ये अर्क काढला, आटवला, सौम्य आम्लात घेऊन गाळला. इथवर ठीक. मग अमोनिया टाकून पीएच ९ वर नेला आणि क्लोरोफॉर्म घातला, की सेपरेटिंग फनेलमध्ये (एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं भांडं) मधोमध हिरवट, फेसाळ थर अडकून बसतो. रात्रभर ठेवला तरी हलत नाही. मीठ घालून पाहिलं, थोडाच फरक पडला. आम्लात असतानाच पेट्रोलियम इथरने हिरवा रंग काढून टाकावा का? की मी फनेल फार जोरात हलवतेय?

दुसरं, टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करायची क्रोमॅटोग्राफी) ड्रॅगेनडॉर्फ, म्हणजे अल्कलॉइड दाखवणारं रसायन, फवारलं की एकाऐवजी दोन केशरी ठिपके येतात. व्हॅसिसिनचं हवेत ऑक्सिडेशन होऊन व्हॅसिसिनोन बनतं, दुसरा ठिपका त्याचाच असावा. पण खात्री कशी करू? नाशिकमध्ये कुणाकडे चिमूटभर स्टँडर्ड (तुलनेसाठी शुद्ध नमुना) असेल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. सोमवारी गाईडना दाखवायचंय.