'द प्रीमॅच्युअर बरिअल' (1962): थडग्यातली सुटकेची साधनं खरी किती?

चौथी_रांग
मंडळी, रॉजर कॉर्मनचा हा चित्रपट आमच्या फिल्म सोसायटीत दाखवायचाय आणि खेळाआधी वाटायला दोन पानी टिपण लिहायचंय. नायक गाय कॅरल (नाव वाचताना हसू आवरा), म्हणजे रे मिलंड. आपला बाप जिवंतपणी पुरला गेला अशी त्याची पक्की समजूत, आणि आपलंही तेच होणार ही धास्ती. म्हणून तो स्वतःसाठी खास थडगं बांधतो आणि एकेक साधन दाखवत सुटतो: आतून उघडणारी पेटी, घंटेची दोरी, शिडी, हत्यारं, सुरुंगाच्या कांड्या. आणि यातलं काहीच चाललं नाही तर विषाचा पेला.
चित्रपट एडगर ॲलन पोच्या याच नावाच्या कथेवरून काढलाय; यातलं त्या कथेत किती आहे? अशा पेट्या खरंच निघाल्या होत्या का, आणि त्या चालायच्या का? पोस्टरवर मराठी नाव 'जिवंत समाधी' टाकलं तर चालेल?

रीळवाला
आधी नावाचं. 'समाधी' नको. समाधी माणूस स्वेच्छेने घेतो, त्यात मान आहे. इथे सगळी भीतीच इच्छेविरुद्ध मातीखाली जाण्याची आहे. साधं 'जिवंत पुरलेला' ठेवा.
पोची कथा 1844 ची. तिच्यातला निवेदकही कॅटलेप्सीचा रोगी. या झटक्यात अंग ताठरतं, श्वास आणि नाडी जेमतेम जाणवतात. तो कुटुंबाचं तळघर बदलून घेतो: आतून दाबला की दार उघडणारा लांब दांडा, हवा-उजेडाची सोय, हाताशी अन्नपाण्याची भांडी, गादी लावलेली आणि स्प्रिंगच्या झाकणाची पेटी, छतावर मोठी घंटा आणि तिची दोरी प्रेताच्या हाताला बांधलेली. सुरुंग आणि विष मात्र चित्रपटाचं. पटकथा चार्ल्स बोमाँट आणि रे रसेल यांची.
शेवट तर पार उलटा. पोचा नायक अंधारात जागा होतो, पुरलो म्हणून ओरडतो, आणि निघतो कुठे तर बागेची माती लादलेल्या होडीतल्या अरुंद फळीवर. त्या धक्क्याने त्याचा रोगच बरा होतो. चित्रपटात धक्क्यानंतर माणूस सुधारत नाही, बिघडतो. याहून जास्त टिपणात लिहू नका, खेळाची मजा जाईल.
कॉर्मनच्या पो-चित्रपटांचा नेहमीचा नायक व्हिन्सेंट प्राइस इथे का नाही, हे कोणीतरी विचारेलच. कॉर्मनचं निर्मिती कंपनी एआयपीशी नफ्यावरून बिनसलं होतं, म्हणून त्याने फिल्म धुणाऱ्या पाथे लॅबच्या पैशावर हा चित्रपट उभा केला. प्राइस एआयपीच्या कराराने बांधलेला, म्हणून मिलंड. मग एआयपीने पाथेचा वाटाच विकत घेतला आणि चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी मालक सेटवर हजर! माझ्या मते मिलंड इथे बसतोही जास्त. प्राइस भीतीचा सोहळा करतो. मिलंड हिशेब मांडणाऱ्या माणसासारखा घाबरतो, आणि ही यंत्रं अशाच माणसाची असू शकतात.

खिळे_मोळे
पेट्या निघाल्या होत्या, ढिगाने. दोन उदाहरणं पुरतील.
अमेरिकेत न्यूआर्कच्या फ्रांझ वेस्टरचं 25 ऑगस्ट 1868 चं पेटंट, क्रमांक 81,437. चेहऱ्याच्या वर पेटीतून जमिनीबाहेर येणारी चौकोनी नळी, तिच्यात शिडी, आणि हाताशी घंटेची दोरी. माणूस खरंच मेलेला दिसला की नळी उपसून पुढच्या पेटीला लावायची. काटकसर बघा.
दुसरं 1897 चं, रशियन झारच्या दरबारातले काउंट कार्निचे-कार्निकी यांचं. छातीवर काचेचा गोळा, तो स्प्रिंगने वरच्या डबीला जोडलेला. छाती जरा हलली की डबीचं झाकण उघडून नळीतून हवा आणि उजेड आत, वर निशाण उभं, घंटा सुरू.
गोची इथेच आहे. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, धड फुगतं, हात सरकतात. स्प्रिंग नाजूक ठेवली तर मेलेला माणूसही घंटा वाजवतो. कडक ठेवली तर अर्धमेल्याचा श्वास तिला हलवू शकत नाही. दोन्हींच्या मधलं माप सापडत नाही. सुरुवातीच्या दृश्यात उकरलेल्या पेटीतलं ते वाकडंतिकडं प्रेत आठवा. त्या काळी जिवंत पुरल्याचे 'पुरावे' म्हणून सांगितल्या गेलेल्या कित्येक गोष्टी या फुगण्या-सरकण्यानेही होतात.

टाचणी
वरच्यांनी हवेचं नाव घेतलं, पण हिशेब मांडला नाही, आणि सगळ्यात आधी संपते तीच. पेटी 2 मीटर × 60 सेंमी × 45 सेंमी धरा. 540 लिटर. माणसाचे 70 वजा, उरले 470. निपचित पडलेला माणूस मिनिटाला साधारण 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाला 12 लिटर. तो दहा टक्क्यांवर, म्हणजे 47 लिटरवर गेला की शुद्ध हरपते. झाले चार तास. घाबरून धडपडला तर निम्मेसुद्धा नाहीत. ऑक्सिजन संपायच्या आधी हाच वायू घात करतो. म्हणून नळी नसलेली घंटा म्हणजे निव्वळ समाधान.
आता स्वप्नाचा प्रसंग या नजरेने बघा. गाय पेटीतून बाहेर येतो तर सगळं जाळ्याजळमटांत, कुजलेलं. दोरी ओढली की हातात तुटून येते. शेवटी पेला तोंडाशी नेतो तर आत अळ्या वळवळतायत. एकही साधन रचनेच्या चुकीने फसत नाही, सगळ्यांना ओल आणि काळ खातो. बंद तळघरात ताग सडतो, लोखंड गंजतं, हे खरंच आहे. गायने सगळं बांधलं, पण दर महिन्याला तेलपाणी कोण करणार याची तजवीज केली नाही.

चौथी_रांग
टाचणी, हे लाजवाब! तो चार तासांचा हिशेब टिपणात घेतोय. अजून एक: मिळालेली प्रत 78 मिनिटांची आहे आणि सगळीकडे 81 लिहिलंय. कापलेली आहे का?

रीळवाला
असेलच असं नाही. सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट युरोपीय पद्धतीने 25 ने चालवला की 81 ची 78 होतात. थडगी खोदणारे 'मॉली मलोन' या आयरिश लोकगीताची शीळ घालतात ना, तो सूर दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा. जवळपास अर्धा सूर चढा असेल तर वेगाचाच फरक.
खरी धास्ती बाजू कापलेल्या प्रतीची. मूळ चौकट 2.35:1 (रुंदी:उंची) आहे. तुमचा पडदा 16:9 आणि 4 मीटर रुंद असेल तर चित्राची उंची 1.70 मीटर, वर-खाली 27-27 सेंमी काळी पट्टी यायलाच हवी. कोणी 'पडदा भरत नाही' म्हणून झूम करू लागला तर हात धरा. साधनं दाखवतो त्या दृश्यात अर्धा ऐवज कडेला आहे. आणि खोलीत पूर्ण अंधार करा. बाहेरचं माळरानसुद्धा स्टुडिओतलंच आहे, सेटच्या भिंती धुक्याने झाकल्यायत. थोडा उजेड आला की धुकं नुसतं राखाडी दिसतं.