मदत हवी आहे: ऑपरेशननंतर बाबा एकदम गप्प झालेत. नैराश्य की डेलिरियम?

नमस्कार. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

बाबांचं वय ७६. ११ दिवसांपूर्वी पडले, खुब्याचं हाड मोडलं. ९ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं, तेही नीट पार पडलं. पहिले दोन दिवस दुखतंय म्हणून कुरकुरत होते, नर्सशी हुज्जत घालत होते, म्हणजे अगदी आमचे बाबाच. तिसऱ्या दिवसापासून मात्र गप्प. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काही विचारलं तर नुसतं 'हं'. जेवत नाहीत. व्यायाम करून घ्यायला कुणी आलं की डोळे मिटून घेतात. दुपारभर झोप आणि रात्री टक्क जागे. चादरीची कड धरून तिच्या बारीक चुण्या घालतात, सोडवतात, परत घालतात.

पाचव्या दिवशी वॉर्डातल्या एका डॉक्टरांना डिप्रेशन वाटलं, म्हणून ९ प्रश्नांचा तो पीएचक्यू-९ फॉर्म दिला. बाबा उत्तरं देईनात, तेव्हा त्यांच्या वतीने मीच भरला. २७ पैकी १७ आले. १० किंवा जास्त आले की दखल घ्यायची म्हणतात, त्यामुळे लगेच एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली.

फॉर्मचा फोटो काढून ठेवला होता. काल रात्री तो परत वाचला आणि डोकंच फिरलं. झोप ३, थकवा ३, भूक ३, हालचाल मंदावणे ३, लक्ष न लागणे २. झाले की १४! खुबा मोडलेल्या कुणालाही हे १४ बसल्या जागी मिळतील. शिवाय फॉर्म विचारतो गेल्या दोन आठवड्यांबद्दल. त्यातला पहिला आठवडा तर बाबा ठणठणीत होते.

शोधता शोधता डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, हा शब्द सापडला. माझ्या डोक्यात डेलिरियम म्हणजे आजी सन्निपात म्हणायची तो: बरळणं, उठून पळणं, सलाइनच्या नळ्या ओढणं. बाबा तर हूं की चूं करत नाहीत. गप्प माणसालाही डेलिरियम असतो का? असला तर नैराश्यापासून वेगळा कसा ओळखायचा? आणि उद्या राउंडला डॉक्टर येतील तेव्हा नेमकं काय बोलू? 'नेटवर वाचून आलेली मुलगी' व्हायचं नाहीये मला.

रात्रपाळी:

ताई, असतो. आयुष्याची २२ वर्षं वॉर्डात काढलेली बाई सांगतेय. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात, गप्प पडून राहणाऱ्याला आम्हीच 'शहाणा पेशंट' म्हणतो. त्यामुळे हा शांत प्रकार सर्रास निसटतो.

तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते शब्द म्हणजे 'तिसऱ्या दिवसापासून'. नैराश्य असं तारीख सांगून येत नाही, ते काही आठवड्यांत साचत जातं. डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात वरखाली होतो. सकाळी बाबा बरे आणि संध्याकाळी हरवलेले, असं होतं का? दोन दिवस वेळ घालून वहीत लिहा. 'बाबा वेगळे वाटतात' यापेक्षा 'सकाळी ८ ला माझं नाव घेतलं, संध्याकाळी ६ ला मला ओळखलं नाही' हे डॉक्टर जास्त मनावर घेतात.

दुसरं, लक्ष. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. नैराश्यातला माणूस 'नको' म्हणेल, वैतागेल, पण लावून धरलं तर रखडत का होईना बऱ्याचदा पोचतो. डेलिरियममधला वाटेतच हरवतो.

शॅरन इनूय यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसोबत डेलिरियम ओळखायची सीएएम नावाची पद्धत मांडली, ती याच दोन गोष्टींवर उभी आहे: अचानक सुरुवात व चढउतार, आणि लक्ष न टिकणं. या दोन्ही हव्यातच. जोडीला विचारांची सांगड नसणं किंवा शुद्धीच्या पातळीत फरक, यांपैकी एक. गुंगीत असणं हाही फरकच, त्याला बरळणं लागत नाही.

डॉक्टरांना सरळ म्हणा, 'डेलिरियमची तपासणी कराल का?' यात उद्धटपणा काही नाही. सोबत सोडियम, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, लघवी तुंबली आहे का, पोट कधी साफ झालं, दुखणं आटोक्यात आहे का, हे विचारा. सगळ्या औषधांची यादी मागा, झोपेची आणि ॲलर्जीची खास करून. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका. आणि चष्मा? कानाचं यंत्र असेल तर ते? निम्म्या वेळा ते कपाटात असतात.

मधलाबाक:

एवढं मनावर घेऊ नका. वयानुसार हे होतंच, घरी नेलं की आपोआप ठीक होतील.

रात्रपाळी:

वयानुसार कुणी तीन दिवसांत म्हातारं होत नाही हो. डेलिरियम म्हणजे शरीरात काहीतरी बिघडल्याची घंटा असते. घरी नेऊन ती ऐकू येणं बंद होईल, एवढंच.

सुईदोरा:

मनोविकारशास्त्र शिकतोय, म्हणून थोडं संशोधनाच्या बाजूने. ताई, तुमची शंका जुनी आणि रास्त आहे. फॅरेल आणि गँझिनी यांचा १९९५ चा अभ्यास बघा. शारीरिक आजारांसाठी दाखल असलेल्या ६७ वयस्कर रुग्णांना नैराश्याच्या शंकेने मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. त्यातल्या २८ जणांना, म्हणजे ४२ टक्क्यांना, डेलिरियम निघाला. आणि यातले बरेच जण उदास वाटतं, मरणाचे विचार येतात, असंही सांगत होते. म्हणजे 'वाईट वाटतंय का' याला 'हो' आलं तरी निकाल लागत नाही.

फॉर्मबद्दलही तुमचं बरोबर आहे. तो रुग्णाने स्वतः भरायचा असतो, आणि त्यातले पाच प्रश्न आजारानेही 'हो' होऊ शकतात. याच अडचणीपोटी झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयातल्या लोकांसाठी १४ प्रश्नांची मोजपट्टी केली, तीत शारीरिक तक्रारी मुद्दाम गाळल्या. पुढच्याच वर्षी जीन एंडिकॉट यांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेगळी युक्ती सुचवली: भूक, झोप, थकवा आणि लक्ष यांच्या जागी चेहऱ्यावरची उदासी, माणसं टाळणं, स्वतःची कीव करत राहणं आणि चांगल्या बातमीनेही न खुलणं, हे बघा.

पण शरीर बाजूला काढलं की सुटलो, असंही नाही. क्रोएन्के आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या १,००० जणांच्या शारीरिक तक्रारी मोजल्या. एखादीच तक्रार किंवा तीही नाही, अशांत मनःस्थितीचा आजार २ टक्क्यांना होता. ९ किंवा जास्त तक्रारी असणाऱ्यांत ६० टक्क्यांना. तेव्हा 'हे सगळं शरीराचं' म्हणून झटकणंही चूक. भरीत भर, आधीचं नैराश्य हे ऑपरेशननंतरच्या डेलिरियमचा धोका वाढवतं. 'हे की ते' असा प्रश्न टाकलात खरा, पण उत्तर 'दोन्ही' असू शकतं. फक्त क्रम पाळा: आधी डेलिरियम शोधायचा, तो उतरल्यावर मन मोजायचं. अडलंच तर ईईजीची मदत होते. डेलिरियममध्ये मेंदूच्या लहरी बहुधा सगळीकडे मंदावलेल्या दिसतात, हे एंगल आणि रोमानो यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं.

एक शंका. एस्सिटालोप्रामने वयस्कर माणसांत सोडियम उतरू शकतं. गोळी सुरू झाल्यावर सोडियम तपासलंय का?

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. आजचं लिहिते.

सकाळी बाबांनी 'चहा झाला का' विचारलं. मला वाटलं, मीच उगाच काहूर माजवलं. संध्याकाळी महिने विचारले. 'डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर...' मग थांबले. खिडकीकडे बघत राहिले. परत 'ऑक्टोबर'. मग अगदी हलक्या आवाजात, 'तो माणूस गेला का?' खोलीत आम्ही दोघंच होतो. गेले सात दिवस ते गप्प होते ते दुःखाने नव्हे, कोपऱ्यातल्या त्या माणसाने ऐकू नये म्हणून.

डॉक्टरांना वही दाखवली. चिडले नाहीत, उलट तिथेच उभं राहून पूर्ण वाचली. सोडियम १२४ आलं, म्हणजे बरंच कमी. रात्री झोपेसाठी डायफेनहायड्रामिन चालू होतं, त्यानेही गोंधळ वाढतो म्हणाले. ते आणि एस्सिटालोप्राम दोन्ही त्यांनी बंद केलं. लघवी तुंबलेली निघाली. आणि हो रात्रपाळी, चष्मा कपाटातच होता.

सुईदोरा:

गोंधळाची सुरुवात गोळीच्या आधीची आहे, त्यामुळे सगळं खापर तिच्यावर फोडू नका. सोडियम हळूहळूच वर आणतात, घाई धोक्याची असते. पुरतं निवळायला वेळ लागला तर घाबरू नका.

धागाकर्ती:

सहा दिवसांनी येतेय. सोडियम १३५. काल बाबा महिने उलटे जानेवारीपर्यंत म्हणाले आणि वर 'शाळेत घातलंयस का मला' म्हणून डाफरले. रडूच आलं मला.

पण आज हळूच विचारत होते, 'तो माणूस खरंच नव्हता?' काय सांगू? विषय काढू की विसरू देऊ?

रात्रपाळी:

काढा. विसरतात असं आपण धरून चालतो. ब्राइटबार्ट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डेलिरियममधून बाहेर आलेल्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांना विचारलं, तर ५४ जणांना ते दिवस आठवत होते आणि त्याचा त्रासही होत होता. न बोलणाऱ्याला वाटत राहतं की आपल्याला वेड लागलं होतं. सांगा, की रक्तातलं मीठ उतरलं होतं, त्यामुळे मेंदूने नसलेलं दाखवलं. त्यांना जे दिसलं ते त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घ्या, मध्ये दुरुस्त करू नका. आणि महिन्याभराने तो ९ प्रश्नांचा फॉर्म परत भरून घ्या. या वेळी पेन त्यांच्या हातात.