नवीन लॅपटॉपवर २५ सॉफ्टवेअर? काहून?

मानेवाडा_रिपेअर
काल इथे एका भाऊनं "नवीन कॉम्प्युटर घेतला की पहिल्या दिवशी टाका ही २५ सॉफ्टवेअर" अशी यादी टाकली, त्यात कॉम्प्युटर साफ अन् फास्ट करतो म्हणणारे रजिस्ट्री क्लिनर, ड्रायव्हर अपडेटर, रॅम बूस्टर, वरून दोन दोन अँटिव्हायरस, आणि लोक धडाधड सेव्ह करून राहिले. मला राहवलं नाही. माझ्याकडे "स्लो झाला हो" म्हणून येतात ते बहुतेक लॅपटॉप ह्याच यादीनं जड झालेले असतात. मागच्या महिन्यात खामल्याच्या एका काकूंचा आला, चालू केला तर डेस्कटॉप दिसायला पाच मिनिटं, खाली घड्याळापाशी चौदा आयकॉन. एक अँटिव्हायरस आणि क्लिनर काढला, बाकी हात नाही लावला, अर्ध्या मिनिटात चालू.

विंडोज ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीच आहे, पीडीएफ एज ब्राउझरमध्ये उघडते, झिप फाईल तर कधीपासूनच उघडते आणि २०२३ च्या अपडेटपासून रार फाईल पण. आणि सीक्लीनर ह्या क्लिनरचं २०१७ मध्ये काय झालं ते आठवा, कंपनीच्याच ५.३३ व्हर्जनमध्ये हॅकरनी व्हायरस घुसवला आणि तो २२ लाखांच्या वर लोकांच्या मशीनवर गेला. माझी यादी चारची: फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, व्हिडिओसाठी व्हीएलसी, एमएस ऑफिसऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस, एक पासवर्ड मॅनेजर. बस.

बर्डी_हार्डवेअर
भाऊ, तुमच्याकडे बिघडलेले येतात, माझ्याकडे नवीन घेणारे येतात, फरक आहे. लिब्रेऑफिस टाकून दिलं की आठ दिवसांत पोरगा परत, "कॉलेजची फाईल उघडली तर टेबल हललं, सर मार्क कापतात". मग एमएस ऑफिसची किंमत सांगितली की म्हणते समोरच्या दुकानात फुकट टाकून देतात. मी नाही टाकलं तर गिऱ्हाईक जाते, दुकानाचं भाडं तुम्ही भरता काय?

ताई_त्रिमूर्तीनगर
"फुकट टाकून देतात" वर मला बोलायचंच आहे. आमच्याकडे असंच क्रॅक, म्हणजे चोरीचं, ऑफिस टाकून दिलं होतं एका दुकानानं. टाकताना अँटिव्हायरस बंद केला, म्हणे "नाहीतर ते पकडते". पकडते म्हणजे काय, व्हायरस होता म्हणूनच पकडत होतं ना! दोन आठवड्यांनी मुलीच्या बारशापासून पहिलीपर्यंतचे सगळे फोटो लॉक. प्रत्येक फोल्डरमध्ये एक नोटपॅडची फाईल, ९८० डॉलर द्या, तीन दिवसांत दिले तर ४९०. नवरा रात्री दोनपर्यंत एकेक फोटो उघडून बघत होता की एखादा तरी वाचला का. एकही नाही वाचला. सासूबाईंच्या मोबाईलमध्ये सात फोटो सापडले तेवढेच आहेत आता. तेव्हा भाड्याचं मला सांगू नका.

बर्डी_हार्डवेअर
ताई ते मी नाही टाकलं. आणि बॅकअप नव्हता काय?

ताई_त्रिमूर्तीनगर
नव्हता. तुमच्यासारख्या दुकानदारांनी लॅपटॉप विकताना एकदा तरी सांगितलं असतं तर असता.

लिनक्सवाला_पोरगा
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनवर मिंट हे फुकटचं लिनक्स टाका न जी, क्रॅकची भानगडच नाही.

टायपिंगवाले_काका
वाचून राहिलो केव्हाचा. २५ च्या यादीत मराठी नाही, ४ च्या यादीतही मराठी नाही. नागपुरात बसून लिहिता आणि मराठी टायपिंगची आठवण कोणालाच नाही! माझं टायपिंगचं काम कोर्टाजवळ, २२ वर्षं झाली. नवीन मशीनवर मी सगळ्यात आधी कृतीदेव हा मराठी फॉन्ट टाकतो, बाकी सगळं नंतर. बोटं बसलेली आहेत, अर्ज असो की शपथपत्र, मिनिटाला पन्नास शब्द सहज.

कोडिंग_धरमपेठ
काका, राग मानू नका पण कृतीदेवनं मराठीचं जेवढं नुकसान केलं तेवढं कोणी नाही केलं. तो फक्त मुखवटा आहे, फाईलच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात. तुम्ही "नागपूर" टाईप करता आणि कॉम्प्युटरला दिसते यू के एक्स आय डब्ल्यू जे. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा, कचरा. शोधायला जा, सापडणार नाही. प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणारं युनिकोड येऊन तीस वर्षं झाली, विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आयता आहे, अन् इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिक पण २०१९ पासून आहे. काही टाकायचंच नाही, सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झालं. गूगलचं विंडोजवालं इनपुट टूल तर कधीचं बंद झालं, लोक अजून कुठून कुठून त्याचे सेटअप उतरवून राहिले.

टायपिंगवाले_काका
नुकसान? जेव्हा तुमचं युनिकोड कुठे दिसत नव्हतं तेव्हा ह्या जिल्ह्यातल्या लोकांचे अर्ज कोणी लिहिले बे? आम्हीच लिहिले. आणि युनिकोडमध्ये "दुसऱ्या" लिहायला गेलो की र डोक्यावर चढतो, रफार होतो. चुकीची मराठी मी गिऱ्हाईकाला देत नाही.

कोडिंग_धरमपेठ
चढतो कारण तुम्ही साधा र घेता. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य चं बटण. ऱ्य नीट उमटते. तीन बटणं आहेत काका, शिकायची इच्छा पाहिजे फक्त.

टायपिंगवाले_काका
इच्छा मला शिकवू नको. तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी रेमिंग्टनच्या लोखंडी टाइपरायटरवर मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली आहे, मे महिन्यात, कूलर नसलेल्या खोलीत.

महालकर_अनु
दोघंही थांबा जरा. माझा भाऊ जन्मापासून पाहू शकत नाही. त्याच्या लॅपटॉपवर पहिलं सॉफ्टवेअर एनव्हीडीए, फुकट आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवते, मराठी पण वाचते. तुमच्या २५ मध्ये ते नाही आणि ४ मध्येही नाही. तो एका सोसायटीचा हिशोब पाहतो. परवा त्याला कृतीदेवमध्ये नोटीस आली. मी स्वयंपाकघरात होते, आतून आवाज येऊन राहिला, "यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे". दोन पानं तो असंच ऐकत बसला, त्याला वाटलं एनव्हीडीए बिघडलं. शेवटी मला हाक मारली आणि मी वाचून दाखवली. तीस वर्षांचा माणूस आहे, त्याची नोटीस त्याला स्वतःला वाचायची असते हो.

मानेवाडा_रिपेअर
अनुताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. चूक झाली. यादीत मराठी कीबोर्ड घेतो, एनव्हीडीए घेतो, आणि ताईंचं ऐकून बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क पण. क्लिनर मात्र मेलो तरी घेणार नाही.

बर्डी_हार्डवेअर
बॅकअपचं उद्यापासून सांगत जाईन, तेवढं मान्य. ऑफिसचं माझं म्हणणं तेच आहे.

टायपिंगवाले_काका
अनुताई, सोसायट्यांच्या नोटिसा माझ्याकडेही टाईप होतात. त्या पोराची नोटीस कदाचित माझ्याच हातची नसेल, पण असूही शकते.
धरमपेठवाले, इन्स्क्रिप्ट ह्या वयात मी शिकणार नाही, आधीच सांगतो. बोटं बसलेली रेमिंग्टनची बटणांची मांडणी तीच ठेवून आत युनिकोड येईल असं काही आहे काय?

कोडिंग_धरमपेठ
आहे काका. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये रेमिंग्टन मांडणी घेऊन युनिकोडमध्ये टाईप करता येते, बोटं तीच राहतील. जुन्या फाईलींसाठी कृतीदेव ते युनिकोड कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक पान डोळ्यांनी तपासावं लागेल, जोडाक्षरं इकडेतिकडे होतात. रविवारी बर्डीला येतो, तेव्हा बसवून देतो. मघाशी जास्त बोललो.

टायपिंगवाले_काका
रविवारी बंद असते. सोमवारी अकराच्या आत ये, नंतर गर्दी होते.